सावलीची दोरी

ग्रोज्दान म्हणायचा, आधी घराचं कर्ज फेडून टाकू. त्याची बायको स्लाव्का म्हणायची, आधी नवं स्वयंपाकघर. पैसे एकाच गोष्टीला पुरणारे. दोघांपैकी कुणी मेलं तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटणार, हे मात्र दोघांनाही तोंडपाठ होतं.

"बांध बाई तुझं स्वयंपाकघर," एके सकाळी ग्रोज्दान चक्क गोड आवाजात म्हणाला.

आता आमच्या बल्गेरियातले जुने गवंडी काय मानतात, तर ज्याच्या सावलीचं माप दोरीनं घेऊन भिंतीत चिणलं, तो वर्षाच्या आत जातो आणि भिंत जन्मात तडकत नाही. खोटं कशाला बोलू, अशा भिंतीला टेकून मी दारू प्यायलोय.

ग्रोज्दान अंगणात मिरच्या भाजत होता. स्लाव्कानं मागून हळूच त्याची सावली मोजली आणि दोरी स्वयंपाकघराची भिंत रचायला आलेल्या पानायोत मिस्त्रीच्या हातात कोंबली.

"मिस्त्रीकाका, एवढी नवऱ्याची भिंतीत घाला. आणि तोंड बंद ठेवा!"

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली.



"घालतो की, पोरी. तुझी तो कालच देऊन गेलाय, तिच्याच शेजारी घालतो."