दासीचं वाक्य

ओहायोतल्या त्या शाळेत ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीच्या, इंग्रजीच्या वर्गात मुलं जुनं ब्रिटिश नाटक मोठ्याने वाचत होती. मार्नीच्या वाट्याला दासी, आणि दासीला एकच वाक्य, "बाईसाहेब, ते आले आहेत." 'ते' म्हणजे नायक, म्हणजे वर्गातला वायट. पुढचं सगळं प्रेम नायिका झालेल्या ब्रुकचं.

आज ब्रुक आजारी होती. शिकवणाऱ्या हॅगनबाई म्हणाल्या, "मार्नी, आज तू नायिका. नायकाच्या प्रेतापाशी विलाप करायचाय."

"आणि वायट?"

"प्रेताला कुठली आलीत वाक्यं? त्याला सोडलं मॅचला जाणाऱ्या टीमच्या बससाठी."

मार्नीने वायटच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत वाचलं.

"खरंच कुणी गेल्यासारखं वाचलंस गं," हॅगनबाई म्हणाल्या.

मार्नीने पुस्तक मिटलं आणि रिकाम्या दाराकडे बघत ओठांतल्या ओठांत म्हटलं, "बाईसाहेब, ते आले आहेत."