कोरा हात

सुताराला बारमाही शिंका. भुशाची ॲलर्जी निघाली, तर धंदाच सोडावा लागणार होता. चाचणीसाठी आठवडाभर शिंकांची गोळी बंद केलेली. नाक पुसून पुसून सोलवटलं, पण पठ्ठ्याने दम धरला.

आज डॉक्टरांनी हातावर दहा थेंब टोचले. वीस मिनिटं झाली, तरी एकही गांधी उठली नाही.

"या शेवटच्या थेंबाने तर कुणालाही गांधी उठतेच, पोटात गोळी नसेल तर. गोळी घेतलीत?"

"आईशपथ नाही!" तो तडकला.

"मग पुन्हा गोळीविना आठवडा काढा."

तणतणत तो बाहेर आला. बाकावरची आई चाचरत म्हणाली, "तुझे हाल बघवेनात रे. सकाळी गोळी कुटून चहात घातली. पण खरं सांग, आज एकदा तरी शिंकलास का?"