पुढची गाडी

“डावीकडे खांब. हातभर जागा. हळू,” दाजी वॉकीटॉकीवर म्हणाले.

“डावीकडे खांब, हातभर जागा, हळू,” मागच्या ट्रेलरमधून मेहुण्याने जसंच्या तसं म्हटलं.

कामाची रीतच तशी होती. पायलट गाडीने पुढे राहून सांगायचं, ट्रेलरने शब्दाला शब्द परत म्हणायचं आणि मगच पुढे सरकायचं. ट्रेलरवर कारखान्याचा बॉयलर होता, रस्त्याच्या दोन्ही कडा व्यापून वर दशांगुळे उरणारा. असलं धूड पटकन थांबत नाही आणि मागे तर घेताच येत नाही. म्हणून वळणापलीकडे काय आहे ते आधी कळावं लागतं.

मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळी कंपनी दाजी म्हणू लागली होती. थेट मॅनेजरसाहेबसुद्धा. “एकाची बहीण केली आणि शंभर मेहुणे झाले,” असं दाजी वैतागल्यासारखं सांगत, पण त्यांना ते आवडायचं.

आजची खेप सुरळीत चालली होती. चौकात पोलिसाने रस्ता अडवूनच ठेवला होता. फळवाल्याने हातगाडी पार भिंतीला टेकवली होती. एका दुकानदाराने तर पुढे आलेलं कापडी छत गुंडाळून घेतलं होतं.

“बघ, आपली गाडी लांबून ओळखतात,” दाजी म्हणाले.

“ओळखणारच की,” मेहुणा म्हणाला. “तुमचा दराराच आहे तसा.”

दाजी खूश झाले. अलीकडे त्यांना असं काहीतरी ऐकायची गरज वाटायची. जवळचं त्यांना नीट दिसत होतं, आणि रस्ता तर तोंडपाठ होता. लांबचं मात्र, ऊन समोर असलं की, साबणाच्या पाण्यातून पाहावं तसं दिसायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरचा कागद कंपनीत गेला की गाडीची किल्ली गेली, आणि मग घरी बसून भिंतींशी बोलायचं.

मुलीला संशय आला होता. “बाबा, एकदा डोळे दाखवून येऊ या ना,” ती जेवताना म्हणाली होती.

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये?” म्हणून दाजी ताटावरून उठले होते. पुन्हा तो विषय निघाला नाही.

खरं तर रागावण्याचा हक्क आपला आहे, असं त्यांना वाटायचं. पोरीला त्यांनीच या कामात तयार केलं होतं. तिच्याइतकी चोख पायलट कंपनीत दुसरी नव्हती, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त तिला सोडून. आणि एक दिवस तिने खुशाल ऑफिसातलं काम घेतलं. गाडी सोडून खुर्ची! दाजी कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. आता ती सकाळी डबा घेऊन त्यांच्याही आधी घर सोडायची, आणि ‘आज काय काम होतं’ हे विचारायचं दाजी टाळत.

नदीवरचा पूल आला. दाजींनी ट्रेलरला वळणाआड थांबवलं आणि स्वतःची गाडी पुलाच्या तोंडाशी नेली. पूल लांब आणि अरुंद. बॉयलर चढला की माणसालाही कडेने जायला जागा उरत नाही. पलीकडचं टोक रिकामं आहे हे पायलटने पाहायचं आणि ‘मोकळा’ म्हणायचं. तो एकच शब्द.

ऊन बरोबर समोर होतं. दाजींनी डोळे बारीक केले. काच खाली केली, मान बाहेर काढली. पलीकडे नुसता उजेड, आणि त्या उजेडात काहीतरी पिवळं.

फलक असेल. नाहीतर बस. माणसांनी भरलेली.

मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. तेव्हा ते अंदाजाने ‘मोकळा’ म्हणाले होते आणि पूल मोकळाच निघाला होता. त्याआधीही. नशिबाने साथ दिली होती. पण त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“काय दाजी, येऊ का?” मेहुण्याने विचारलं.

दाजींनी बटण दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. मेहुणा त्यांच्या शब्दावर आंधळेपणाने पुढे येणार होता. मागच्या गाडीत मॅनेजरसाहेब होते, तेही ऐकत होते. एक शब्द म्हटला की नोकरी शाबूत. दुसरा म्हटला की संपलं सगळं.

त्यांना गाडीची फार माया होती. पण बस असली तर?

“थांब,” ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “येऊ नकोस. मला पलीकडचं दिसत नाही, नुसतं काहीतरी पिवळं. आजच नाही, बऱ्याच दिवसांपासून दिसत नाही. साहेब, ऐकताय ना? दुसरा पायलट बोलवा.”

मेहुण्याने हे शब्द परत म्हटले नाहीत. दाजींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं.

मग वॉकीटॉकी खरखरला. बोलणारा मेहुणा नव्हता, साहेबही नव्हते.

“पूल मोकळा आहे, बाबा,” त्यांची मुलगी म्हणाली. “ते पिवळं दिसतंय ना, ती माझी गाडी. दर खेपेला मी तुमच्या पुढेच असते.”