कोरी गादी

"काकांचं वजन किती?" फोनवर मन्मथनं विचारलं.

लताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अडुसष्ट. दवाखान्यात गेल्यावर बावन्न झालं."

"मग कोणतं लिहू?"

"अडुसष्टच लिहा."

मन्मथचं लातूरला गाद्यांचं दुकान होतं. त्याचं कार्ड लताबाईंच्या यजमानांच्या, अनंतरावांच्या चष्म्याच्या घरात सापडलं होतं. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका लग्नाहून परतताना ते त्या दुकानापाशी थांबले होते. पुण्याला लेकीकडं लॅटेक्सच्या गादीवर दोन रात्री झोपले, तेव्हापासून त्यांनी तशा गादीचा ध्यास घेतला होता. "एकदा पडून तर बघू," म्हणाले. लताबाईंनी त्यांची बाही ओढली. "नांदेडची गाडी चुकेल. घरची पिंजून घेऊ." कापसाची गादी पिंजून घेतली. महिन्याभरात तिला पुन्हा खड्डा पडला. अनंतराव परत काही बोलले नाहीत. कार्ड मात्र जपून ठेवलं.

"कडक पाहिजे का मऊ, काकू?"

लताबाईंना सांगता येईना. एक्केचाळीस वर्षं शेजारी झोपून हे कधी विचारलंच नव्हतं. डाव्या कुशीवर झोपत, हात गालाखाली घेऊन. पहाटे उठताना खाटेचा कठडा धरून आधी बसत, मग उभे राहत. एवढंच ठाऊक होतं.

"पाठीचं दुखणं आहे. जुनं."

"मग असं करा. चप्पल घेताना बी आपण पायात घालून बघतो. काकांना घेऊन या लातूरला. अर्धा तास पडा, चहा घ्या. कुणी उठवणार न्हाई."

"त्यांना येता येणार नाही."

"मग तुम्ही या."

"गुरुवारपर्यंत मलाही घर सोडता येत नाही."

शेजारच्या दीपमालानं पोळ्यांचा डबा आणून ओट्यावर ठेवला आणि गेली. आलोक दारात उभा राहून ऐकत होता.

"आई, कशाला एवढं? गाडीपुऱ्यातून कापसाची आणतो. कोणतीही चालते."

"तुम्हाला चालते," लताबाई म्हणाल्या.

मन्मथला नवी युक्ती सुचली. "नांदेडात माझ्या मावसभावाकडं एक दाखवायची हाय. तीच घ्या. स्वस्तात देतो."

"तिच्यावर लोक पडून बघतात ना?"

"त्यासाठीच ठिवली."

"नको. कोरी हवी. कुणी अंग टेकलेली नको."

"काकू लई सोवळ्याच्या हायत," मन्मथ हसला. "बरं, कोरी देतो. शंभर रात्री झोपून बघा. न्हाई आवडली तर परत नेतो."

"परत येणार नाही. मधली द्या, ना कडक ना मऊ. गुरुवारी दहाच्या आत पोचली पाहिजे. उशीर झाला तर उपयोग नाही."

फोन ठेवल्यावर त्या आतल्या खाटेपाशी गेल्या. जुन्या गादीच्या खड्ड्यावर तळहात ठेवून बराच वेळ बसल्या. मधली बरोबर होती का, हे विचारायला कुणी नव्हतं. रडू आलं नाही.

गुरुवारी साडेनऊलाच टेम्पो आला. मन्मथ स्वतः आला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर गादीची गुंडाळी. आलोक उन्हातून आत आला तरी डोक्याचा रुमाल त्यानं काढला नाही. दोघांनी मिळून गादी नव्या खाटेवर टाकली. मन्मथनं वरचा प्लॅस्टिकचा कागद कापला तशी ती हळूहळू फुगत गेली आणि चारी कोपऱ्यांत नीट बसली.

लताबाईंनी हात पुढं केला. मग मागं घेतला.

"दाबून बघा की, काकू."

"नको."

मन्मथची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यात नवी छत्री होती, कोऱ्या चपला होत्या, घडी न मोडलेलं कांबळं होतं. "सगळंच नवं घेतलंय की काकांना. बरे झाल्या झाल्या कुठं फिरायला निघाले काय?"

आलोकनं मान दुसरीकडं वळवली.

तेवढ्यात धोतर नेसलेले एक वयस्क गृहस्थ पाय धुऊन, पंच्यानं पुसत आत आले. मन्मथचा चेहरा उजळला.

"या, काका. तुमचीच वाट बघायलो होतो. काकूंनी न बघता निवडली. टेका आता पाठ."

गृहस्थ गोंधळून लताबाईंकडं बघत राहिले. लताबाईंनी पदर सारखा केला. आवाज नेहमीसारखाच होता.

"टेका, गुरुजी. तेराव्याचं दान तुमच्या हातून ह्यांना पोचणार. कुठं रुतत असेल तर आत्ताच सांगा."