काकूंना परत आणा

दर महिन्याला काय लिहायचं ते तात्या ठरवत आणि सून मृदुला ते लोणच्याच्या गिऱ्हाइकांना ईमेलने धाडी. विषय एकच, तात्यांची बायको शेवंता. तिने डोळे वटारले की लिंबं मुकाट्याने आपापल्या फोडी करून घेत. एकदा तिने बरणी उघडली, तर त्या वासाने मसणात नेलेला म्हातारा तिरडीवरून उठला आणि घरी येऊन भात मागू लागला.

"काय मेल्या थापा!" शेवंता आतून ओरडायची. "लोक खरं मानतील ना!"

या महिन्यात मृदुलाने दबकत विचारलं, "तात्या, काय लिहू?"

"खरं तेच लिही. आमची शेवंता गेल्या मंगळवारी गेली. यापुढे लोणचं सून घालील."

संध्याकाळपर्यंत उत्तरांची रीघ लागली. मृदुला एकेक वाचून दाखवू लागली. "'तात्या, ही थाप काही जमली नाही.' 'काकूंना गमतीतसुद्धा मारू नका हो!' 'पुढच्या महिन्यात त्यांना परत आणा.'" तिने डोळे पुसले. "मी कळवते सगळ्यांना, खरं आहे म्हणून."

"नको गं. एवढ्या लोकांनी मानलं नाही, मग आपणच कशाला मानायचं?"

तात्या उठले. शेवंताने भरलेल्या शेवटच्या बरणीचं फडकं त्यांनी सोडलं, झाकण काढलं आणि ते दाराकडे तोंड करून बसले.

"सूनबाई," बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "भात जरा जास्त टाक."