पाय कुठवर येतो

पालघरच्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मच्छीमार कमलाकांतने बायकोला लाथ घातली. हिरा पटकन बाजूला झाली, लाथ खांबावर बसली आणि त्याचा गुडघाच फिरला. मुंबईला नेऊन दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागलं.

"तू सरकलीस म्हणून झालं हे. आता तूच बरा कर त्याला," सासू म्हणाली.

हिराने सोमवार धरले. रोज देवापुढे दिवा लावला, की ती खाटेसमोर बसून तळहात पुढे धरायची. कमलाकांतने खाटेवरूनच पाय सरळ करत तिच्या हाताला टेकवायचा, असा व्यायाम होता.

दीड महिन्याने पालघरला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "पाय कुठवर उचलता येतो?"

"ईतभर पन नाय ओ बाई," कमलाकांत कण्हला. इतक्यात होडीवर जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

बाई हिराकडे वळल्या. "व्यायाम तुम्ही घेता ना? तुम्ही सांगा."

हिराने पदर जरा बाजूला केला आणि बरगडीवरच्या काळ्यानिळ्या डागावर हात ठेवला.



"काल इथवर आला, बाई. या खेपेला मी सरकले नाय."