एक प्लेट, तिसऱ्या जास्त

नवा बोर्ड सकाळीच लागला होता. लाल रंगावर बून टेक हाताची घडी घालून, छाती पुढे काढून हसत होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तिसरी पिढी, तीच चव’. त्याच बोर्डाखाली त्याची धाकटी बहीण गैक वाकून कोळशाला वारा घालत होती. बोर्डावर तिचं नावसुद्धा नव्हतं.

“दादा, हे कुणी सांगितलं लावायला?”

“आईने. सगळ्या पेनांगमध्ये गाडीवर मालकाचा फोटो असतो. एक आपल्याच गाडीवर नव्हता.”

“मालकाचा ना? मग तुझा कसा?”

आई शेजारी कोळंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही. “गाडी बाबांची. बाबांची ती मुलाची. तू काय, उद्या लग्न करून जाशील.”

उद्या! गैकची पन्नाशी जवळ आली होती. बाबांचा उजवा हात लुळा पडला त्या दिवसापासून कढई तिच्याच हातात होती, आणि हे चिरंजीव क्वालालंपूरमधलं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान बुडवून गेल्या महिन्यात घरी परतले होते. पण आईपुढे बोलायची सोय नव्हती. गैकने कढईत डुकराची चरबी सोडली आणि लसूण टाकला.

गाडी ज्या कॉफीच्या दुकानात उभी असायची, तिथली सगळी टेबलं दुपारी भरली. चार कोय त्यावच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, गाडीपुढे नेहमीसारखी रांग लागली. एका वेळी एकच प्लेट परतायची, ही बाबांची रीत गैकने मोडली नव्हती, त्यामुळे रांग हळूहळूच सरकायची आणि कुणी कुरकुर करायचं नाही. तेवढ्यात टीव्हीवरची एक मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन आली. तिला बून टेकनेच बोलावून ठेवलं होतं.

गैकने तांदळाच्या रुंद शेवया जाळावर परतल्या, अंडं फोडलं, कोळंबी टाकली, मुगाचे मोड टाकले, शेवटी शिंपल्यांतून काढलेल्या तिसऱ्या. धूर निघाला. आता उतरवायचं, एवढ्यात खांद्यावर थाप पडली.

“जरा बाजूला हो.”

बून टेकने तिच्या हातातलं उलथनं घेतलं, दोनदा खणखणाट केला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. “हे रक्तातच असावं लागतं,” तो म्हणाला.

“आणि या कोण?” मुलीने विचारलं.

“माझी बहीण. मदतीला असते.”

गैकच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मदतीला! कोपरापर्यंत भाजल्याचे डाग असलेले तिचे हात समोर होते, आणि तिची सख्खी आई कोळंबीतून डोकं वर काढत नव्हती.

बून टेकने प्लेट भरून मुलीच्या हातात दिली आणि उलथनं गैकपुढे धरलं. “हं, घे आता. रांग वाढलीय.”

गैकने ते घेतलं नाही. तिने ॲप्रन सोडला, खिळ्याला टांगला, आणि समोरच्या टेबलाशी जाऊन खुर्ची ओढून बसली.

“एक प्लेट,” ती म्हणाली. “तिसऱ्या जास्त. तिखट घाल.”

“चेष्टा पुरे, गैक.”

“चेष्टा कसली? भूक लागलीय.”

टेबलाशी बसलं की काहीतरी प्यायला घ्यावंच लागतं, हा त्या दुकानाचा नियम. कॉफीवाला हॉक लाय आला आणि घुटमळला. प्रत्येक गिऱ्हाईक काय पितं ते त्याला पाठ होतं. गैकला काय हवं ते मात्र त्याला विचारावं लागलं, कारण ती तिथे कधी बसलीच नव्हती.

“बार्लीचं पाणी,” ती म्हणाली. “बर्फ घालून.”

रांगेत पहिला वेलू होता, बंदरावरचा निवृत्त क्रेनवाला. तो मोठ्याने म्हणाला, “मला घाई नाही हो. आधी ताईंची प्लेट होऊ द्या.” मागचे दोघंतिघं हसले. कॅमेरा चालूच होता.

मग बून टेकला कढईपुढे उभं राहावंच लागलं. शेवया टाकल्या त्या एकमेकींना चिकटल्या. त्याने अंडं फोडलं, ते तळाला लागलं. शेवटी टाकायच्या तिसऱ्या कोळंबीच्याही आधी टाकून तो घाम पुसत सॉसची बाटली शोधू लागला.

आई उठून टेबलाशी आली. “ऊठ,” ती दात आवळून म्हणाली. “चारचौघांत शोभा करू नकोस.”

“शोभा मी करतेय? मी गिऱ्हाईक आहे, आई. गिऱ्हाइकाला कुणी उठवतं का?”

“भाऊ आहे तुझा.”

“म्हणून तर त्याच्या हातचं मागितलं.”

बून टेकने प्लेट आणून ठेवली. कडेला काळपट झालेला एक गोळा, त्यातून डोकावणाऱ्या रबरासारख्या तिसऱ्या. गैकने चॉपस्टिक उचलल्या, पुसल्या आणि आईच्या हातात दिल्या.

“आधी तू. बाबांच्या हातची चव तुझ्याइतकी कुणाला ठाऊक?”

आई नाही म्हणू शकली नाही. पुढे रांग होती, मागे तो कॅमेरा. ती बसली. तिने एक घास घेतला, आणि तो चावत राहिली. सगळं दुकान तिच्या तोंडाकडे बघत होतं. बून टेकही.

“छान झालंय,” आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या.

गैकने प्लेट तिच्या आणखी जवळ सरकवली.

“मग संपव.”